कृष्णधवल छायाचित्रातला गडद रंग

दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या छायाचित्रात राष्ट्रचिन्हाचे, म्हणजे एकात एक रंगीत वर्तुळांच्या खुणेचे, बाहेरचे कडे जवळजवळ काळे दिसते, म्हणून मॉडेलवरही ते गडद निळे रंगवावे, हा तुमचा मुद्दा मला पटत नाही. अलीकडे काढलेल्या रंगीत चित्रांपेक्षा मूळ छायाचित्रावर विसंबावे, हे तुमचे म्हणणे मात्र अगदी रास्त आहे. अडचण फिल्मची आहे. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मही वापरात होती आणि तिला लाल रंग टिपताच येत नसे, त्यामुळे लाल काळा येई, पिवळाही बराच गडद उमटे, आणि निळा उलट फिका पडे. १९४२ च्या मध्यापासून विमानाच्या अंगावरील चिन्हाला अरुंद पिवळे कडे असे. तुम्हाला दिसते आहे ते बहुधा तेच.

याची पडताळणी त्याच छायाचित्रात करता येते. ब्रिटिश विमानांच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) काळ्या पात्यांची टोके चार इंच पिवळी रंगवत, म्हणजे १:७२ प्रमाणात जेमतेम दीड मिलिमीटर. माझ्या हरिकेनच्या वेळी भिंगाखाली पाहिले, तर उभ्या विमानाच्या पात्यांवर ती टोके काळ्या रंगात पार बुडालेली होती. तेव्हाच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक आहे ते कळले आणि रंगवून झालेले कडे मी पुन्हा पिवळे केले. शिवाय छायाचित्राची तारीखही पाहा: जपानी चिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून भारत-ब्रह्मदेश आघाडीवर १९४३ मध्ये राष्ट्रचिन्हाच्या मधला लाल ठिपका काढून टाकला होता, त्यामुळे १९४४ साली इंफाळला लढलेल्या अर्जन सिंग यांच्या भारतीय हवाई दलातील १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या विमानावर तो रंगवणे चूक ठरेल.