म्हातारी घोडी खंगत चाललीय, खुराक काय देऊ?

वरातीची घोडी हाय आमची, वय २३-२४. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपासनं लईच उतरली, बरगड्या दिसाय लागल्या. कडबा चघळती आन ओले गोळे खाली टाकती. हरभरा रोज २ किलो चालू हाय, वाढवू का?

— हरभरा वाढवू नका ओ, पोटात कळ उठंल! गोळे टाकती म्हणजे दाढांचा घोळ हाय. घोड्याच्या दाढा वर येत राहतात, घासत राहतात, कडेला टोकं आली की गालाला टोचत्यात. आधी डॉक्टरकडनं कानशीनं घासून घ्या.

— बरोबर. आमचा २७ वर्षं जगला. मालदांडी ज्वारीचा कडबा म्हाताऱ्याला चावत नाही, लसूणघास बारीक कापून, गव्हाचा कोंडा आन भरडा कोमट पाण्यात लापशीसारखा भिजवून दिवसातून ४ वेळा थोडा थोडा द्यायचो, कोरडं दिलं की घशात अडकायचं. नुसत्या कोंड्यावर नका ठेवू, त्यात कॅल्शियम कमी असतं, लसूणघास पाहिजेच. खडेमीठ पण.

— आन वराती बंद करा राव आता!

— डॉक्टर येऊन गेले, एक दाढ हलत होती. लापशी चाटून पुसून खाल्ली आज. वराती बंदच.