झाकणाखालची मुतारी आणि बायका
दिवसा जमिनीत जाणारी, रात्री वर येणारी मुतारी ही उत्तम सोय, असं काही जण म्हणतात. जागा वाचते हे खरंच. संध्याकाळी रिमोटचं बटण दाबलं की फुटपाथवरचं गोल झाकण उचललं जातं आणि खालून स्टीलचा खांब वर येतो. पण त्यात असतात तीन उघड्या मुताऱ्या, दार नाही. बायकांनी काय करायचं?

अ‍ॅमस्टरडॅममध्ये रस्त्यात लघवी केली म्हणून एका तरुणीला दंड झाला. पुरुषांची मुतारी वापरता आली असती, असं न्यायाधीशांनी २०१७ साली सुनावल्यावर बायकांनी तसल्या मुताऱ्यांत अवघडून बसल्याचे फोटो टाकले. तो राग मला पूर्ण पटतो.

आणि देखभाल? जानेवारी २०२३ मध्ये लंडनला अशाच वर-खाली होणाऱ्या मुतारीवर काम करताना एक कामगार चिरडून गेला.