कमी तेलातल्या भाज्या आणि तोंडीलावणं : व्हरायटी कशी आणू? (मदत हवी आहे)

रिकामा डबा

नमस्कार मंडळी, आधी असा धागा झाला असेल तर लिंक द्या, मी शोधलं पण सगळीकडे सॅलड आणि सूपच.

तर झालंय असं की नवऱ्याचे ट्रायग्लिसराइड्स वाढलेत, वजन तर वाढलेलं होतंच. डाएटिशियनने माणशी दिवसाला तीन छोटे चमचे तेल सांगितलंय, त्यात पोळीचं, आमटीचं, भाजीचं सगळं आलं. दाण्याचं कूट आणि खोबरं "जपून". पोळ्या दोनच आणि अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं. आता दोन पोळ्यांवर पोट भरायचं म्हणजे भाजी वाटीभर नाही, चांगली दोन वाट्या खावी लागते, आणि तेवढी खायची तर ती चवीला बरी नको का?

माझा प्रॉब्लेम असा की माझ्या हातची प्रत्येक भाजी एकाच वाटेने जाते. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, भाजी, तिखट, गोडा मसाला, गुळाचा खडा, वरून कूट नाहीतर खोबरं. आता तेल कमी केलं, कूट-खोबरं काढलं की दुधी, दोडका, पडवळ सगळे एकाच चवीचे लागतात, डोळे मिटून खाल्लं तर कुठलं काय ते सांगता येणार नाही. परवा नवऱ्याने डबा उघडून मेसेज केला, "आज कुठल्या भाजीला आजारी पाडलंस?" सासूबाईंचं वेगळंच, एवढ्याशा तेलात भाजी शिजत नाही करपते म्हणतात, आणि खरंच बुडाला लागते.

अटी : डबा सकाळी सातला जातो. ब्रोकोली, झुकिनी, अव्होकाडो नको, इथे डोंबिवलीत मिळतं सगळं पण रोजचं ते नाही परवडत. एअर फ्रायर घ्यायचा नाहीये. आम्ही चार माणसं, दोन वेगळे स्वैपाक करणार नाही, सगळ्यांना तेच.

कोबीत भिजवलेली मूगडाळ घातली ती आवडली. काकडीची कोशिंबीर डब्यात पाणी पाणी होते. पालक नुसता परतून दिला तो तसाच परत आला.

कुटाला पर्याय काय, करपू न देता कमी तेलात कसं करायचं, आणि डब्यात टिकणारी कोशिंबीर कुठली, एवढं सांगा प्लीज. पडवळ-दोडका गँगसाठी स्पेशल टिपा असतील तर अजून छान.

पळीपंचपात्र

करपतं कारण तुम्ही तेल आधी घालून त्यावर भाजी टाकताय आणि ते तेल भाजी पिऊन टाकते. उलटं करा. जाड बुडाच्या कढईत धुतलेली भाजी तशीच ओली घाला, हळद-मीठ, आणि वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओता. आपल्या आज्या करायच्या तेच. आतली वाफ गार ताटाला लागून परत खाली भाजीत पडते, आणि अगदीच कोरडी झाली तर ताटावरचं ते गरम पाणी हाताशी असतंच, दोन चमचे आत. गॅस बारीक.

फोडणी शेवटी. लोखंडी पळीत सगळ्यांच्या भाजीला मिळून दोन छोटे चमचे तेल, मोहरी पूर्ण तडतडू दे (अर्धी तडतडलेली कडवट लागते), मग ठेचलेला लसूण लालसर, हिंग, सुकी मिरची तोडून, गॅस बंद करून तिखट, आणि चर्र करून भाजीवर. लगेच झाकण, पाच मिनिटं उघडायचं नाही. तेल वरच राहतं त्यामुळे पहिल्याच घासाला खमंगपणा कळतो, जास्त तेल आहे असंच वाटतं.

आणि तेल चमच्याने मोजा, बाटलीतून धार नको. छोट्या चमच्यात ५ मिली म्हणजे ४० कॅलरी, मोठ्या १५ मिलीच्या चमच्यात १२० च्या घरात जातात.

तिरफळ

मसाले बदलत बसू नका, आंबट बदला. आपल्याकडे चिंच-गूळ एके चिंच-गूळ चालतं म्हणून सगळं सारखं लागतं. आमसूल, ताक, लिंबू, टोमॅटो, सीझनमध्ये कैरी, थंडीत आवळा किसून. दुसरं म्हणजे प्रत्येक भाजीची एक ठरलेली जोडीदारीण असते ती सोडायची नाही. गवारीला ओवा, लाल भोपळ्याला फोडणीत मेथीदाणे, पडवळाला भिजवलेली चणाडाळ आणि शेवटी लिंबू, दोडक्याला लसूण-हिरवी मिरची जाडसर ठेचून (दोडक्यात पाणी एकदम घालायचं नाही, तो स्वतःच सोडतो). दोडक्याच्या शिरा टाकू नका, तव्यावर कोरड्या कुरकुरीत भाजून तीळ, लसूण, मिरची, मीठ घालून चटणी. तेलाचे चार थेंब लागतात.

पालक परतून कोणालाच आवडत नाही हो. ताकातला करा, मूठभर शिजलेली चणाडाळ घालून, वरून लसणाची फोडणी.

भरीतं विसरलात का? वांगं गॅसवर भाजायला तेल शून्य. लाल भोपळा किंवा दुधी वाफवून कुस्करून दही, हिरवी मिरची, कोथिंबीर, हिंग-जिऱ्याची एवढीशी फोडणी. दुधीचं भरीत खाऊन बघा, दुधी आहे हे सांगू नका फक्त.

डावी बाजू

कूट बंद नका करू, जागा बदला. शिजताना घातलेलं कूट रश्शात हरवतं म्हणून आपण अजून घालतो. शेवटी जाडसर भरडलेलं एक मोठा चमचा अख्ख्या भाजीला पुरतं, पन्नासेक कॅलरी, चौघांत वाटल्यावर किती राहिल्या? तरी नको असेल तर पंढरपुरी डाळं भरडून घाला. दाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, डाळ्यात चारशेच्या आत आणि फॅट फारच कमी. कोणी कारळं-तीळ-जवस सुचवेल, ते छानच लागतं पण तेलबियाच आहेत त्या, चिमटीने घ्यायच्या.

कोरडं भाजलेलं बेसन डब्यात भरून ठेवा. ढोबळी मिरची, कांद्याची पात, मुळ्याचा पाला, सगळ्याला पीठ पेरून करता येतं आणि बेसन आधीच भाजलेलं असल्यावर कढईत तेल ओतत बसायला लागत नाही.

डब्यातली कोशिंबीर : पाणी सुटतं ते मिठाने. मीठ-जिरेपूड कागदाच्या पुडीत वेगळं, खाताना घालायचं. काकडीऐवजी कोबी-गाजराची पचडी, नाहीतर किसलेलं गाजर आणि भिजवलेली मूगडाळ. मुळा किसून पिळून घ्या, ते पाणी आमटीत. काकडीच हवी तर चोचवून घट्ट पिळा आणि चमचाभर मेतकूट मिसळा, सुटलेलं पाणी ते पिऊन घेतं आणि चवही येते. आमच्याकडे ही संपते आधी, भाजी मागे राहते.

फरसाणविरोधी समिती

सगळे भाजीच्याच मागे लागलेत म्हणून विचारतो, ट्रायग्लिसराइड्स फक्त तेलाने नाही वाढत. साखर, मैदा, आणि घेत असतील तर दारू, यांचा हात मोठा असतो. चार वाजताचा गोड चहा आणि बिस्किटं चालू असतील तर बिचाऱ्या दोडक्याने किती करायचं! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या ताटाला ४०० ग्रॅम भाज्या आणि साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. तुमच्या डाएटिशियनने त्याच्याही निम्म्यावर आणलंय, ते रिपोर्ट बघूनच असणार, तेव्हा त्यांचंच ऐका. पण चहाचं पण विचारा त्यांना.

रिकामा डबा

अरे काय भराभर लिहिलंत! सगळ्यांना धन्यवाद. @फरसाणविरोधी, साखर बंद केलीय असं मला सांगण्यात आलंय, ऑफिसातलं देव जाणे.

ताटावर पाणी ठेवून दोडका केला, वरून लसणाची फोडणी. करपला नाही. सासूबाई म्हणाल्या "हे तर आम्ही पहिल्यापासून करायचो", मग इतके दिवस सांगितलं का नाही हे मी विचारलं नाही. मेतकुटाची काकडी लेकीने नुसतीच खाल्ली.

आता ताकातला पालक डब्यात द्यायचाय. मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यावर ताक फुटेल का?

तिरफळ

ताकाला आधीच बेसन लावून घ्या, दोन वाट्यांना एक मोठा चमचा, आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा, मग नाही फुटत. मीठ सगळ्यात शेवटी. ताक फार आंबट नको. आणि मायक्रोवेव्ह एकदम फुल पॉवरवर नको म्हणावं, मधे एकदा थांबवून ढवळलं की झालं. पातळ करू नका, डबा आडवा झाला तर बॅगेतली कागदपत्रं हिरवी होतील.