मदत हवी आहे: रात्रीचं बेळगाव, किल्ला ते खडेबाजार

पुण्याहून दोन मित्र शनिवारी येताहेत, दोघांना जुन्या बांधकामाचं लई वेड. आधी किल्ल्यातली 1204 सालची कमल बस्ती (म्हणजे जैन मंदिर), छतातनं उलटं लोंबणारं ते दगडी कमळ मान वर करून बघतच राहावं असं आहे, मग कॅम्पातलं सेंट मेरी चर्च बाहेरनं, आणि शेवटी खडेबाजार, गणपत गल्ली पायीच. मागच्या आठवड्यात एकटा जाऊन बघितलं तर बस्तीत पोचेपर्यंत अंधार पडलेला, कमळ धड दिसलं नाही, आणि रात्री गल्लीत शटरं खाली. गाडी आहे, बारमध्ये बसायचं नाही, एकजण शाकाहारी. तर बस्ती संध्याकाळी कितीपर्यंत उघडी असते, आणि खडेबाजाराच्या आसपास रात्री अकरापर्यंत निवांत बसून खाता येईल असं कुठं आहे?