मदत हवी आहे: गोव्यात सिएनाची संत कॅथरीन कुठे बघायला मिळेल?

नमस्कार मंडळी, इटलीतल्या सिएनाच्या संत कॅथरीनची (१३४७-१३८०) चित्रं सध्या शोधून शोधून बघतेय. तिला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या आंद्रेआ वान्नीने काढलेलं भित्तिचित्र तिथल्या सान दोमेनिको चर्चमध्ये आहे, पांढरा झगा, वर काळं वस्त्र, हातात लिलीची फुलं आणि समोर गुडघे टेकून बसलेली भक्त, इतकं साधं पण नजर हटत नाही हो! आता गोव्यात तिची मूर्ती किंवा चित्र कुठल्या चर्चमध्ये आहे का? जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल नका सांगू प्लीज, ते अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनचं, ती चित्रांत चाकासोबत दाखवतात ती, वेगळी. डॉमिनिकन या ख्रिस्ती धर्मसंघाची (सिएनाची कॅथरीन याच संघातली) जुनी चर्चेस कोणी नीट पाहिली असतील तर नक्की सांगा, फोटो असेल तर फारच छान.