मदत हवी आहे: खंड पडला की व्यायाम पुन्हा सुरूच होत नाही

मंडळी, जरा सल्ला हवाय. वय ४३, डोंबिवलीहून रोज फोर्टला नोकरीला जाते. मार्चमध्ये एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तातली साखर सांगणारी तपासणी) ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळ्या नकोत, पण आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाला आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा. भरभर म्हणजे किती, तर चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

उन्हाळाभर छान जमलं. मग पाऊस, त्यात पाहुणे, त्यात ऑफिसात ऑडिट. चार दिवस गेले नाही की बूट घालायचा उत्साहच राहत नाही. सुरुवात कशी करायची ते जो तो सांगतो, मोडलेली घडी परत कशी बसवायची ते कुणी सांगत नाही.

फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप आहे. पण घरी फोन ओट्यावर पडलेला असतो, त्यामुळे स्वयंपाकघरातली सगळी पायपीट फुकट. नवऱ्याचं स्मार्ट घड्याळ बांधून पाहिलं, तर पोळ्या लाटताना पावलं वाढायला लागली! आणि तो सलग दिवसांचा आकडा! एक दिवस चुकला की शून्य. ते शून्य पाहिलं की उरलासुरला जोरही जातो. दहा हजार पावलांचा आकडा तर म्हणे १९६५ साली जपानात विकायला आलेल्या एका यंत्रामुळे रूढ झाला, डॉक्टरांनी ठरवलेला नव्हेच.

तर, नोंद कशात ठेवता? घड्याळावर पैसे घालावेत का? आणि खंडानंतर पहिल्या दिवशी नेमकं काय करता? जिम सुचवू नका, घरी पोचायलाच साडेआठ होतात.

प्रतिसाद:
ताई, घड्याळाचे पैसे बुटांवर घाला. आमच्या ओट्याशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा हिशोब लिहिते त्याच चौकोनात चाललेली मिनिटं लिहिते आणि रविवारी बेरीज मारते. डॉक्टरांनी १५० आठवड्याला सांगितलीत ना? मग मंगळवार बुडाला तर शनिवारी जास्त चालायचं. इथे शून्य होण्याची भानगडच नाही.

प्रतिसाद:
वरच्या ताईंशी सहमत. फक्त पावसाचा पर्याय आधीच ठरवून ठेवा, सकाळी खिडकीतून बघत ठरवायला बसलात की संपलं. मी जिना चढतो आणि लिफ्टने खाली येतो, उतरताना गुडघ्यांवर ताण जास्त पडतो म्हणून. ताकदीसाठी हात न टेकता खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला हात लावून जोर. वेगळं काही विकत आणावं लागत नाही. खंडानंतर पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटं, जोर आला तरी वाढवायचं नाही. पहिल्याच दिवशी भरपाई करायला गेलं की पोटऱ्या धरतात आणि पुन्हा सुट्टी.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. कालनिर्णय आजपासूनच. जिन्याचं मात्र अवघड आहे, आमच्या इमारतीला लिफ्टच नाही, चढलं की उतरणं आलंच. रात्री जेवणानंतर आवारात पंधरा मिनिटं चालले, तर ती १५० मध्ये धरायची का? की सलग अर्धा तासच हवा?

प्रतिसाद:
बिनधास्त धरा. एका वेळी किमान दहा मिनिटं तरी हवीत, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांमधून काढून टाकली. तुमची गाडी पकडायची घाईसुद्धा चालेल, फक्त ते गाण्याचं लक्षात ठेवा. शिवाय तुमचा प्रश्न साखरेचा आहे, त्यामुळे जेवणानंतरचं चालणं मुळीच सोडू नका. जेवल्यावर साखर चढते त्याच वेळी पायाचे स्नायू ती वापरायला लागतात. रात्री शतपावलीची सवय असेल तर तीच थोडी लांबवा, आणि वेग वाढवा.