मदत हवी आहे: एल८५८आर प्रोब, कंट्रोलमध्येही पॉझिटिव्ह थेंब

सायली_लॅब: फुफ्फुसात लहान गाठ असलेल्यांच्या प्लाझ्मात ईजीएफआर जीनचं एल८५८आर म्युटेशन (काही फुफ्फुस-कॅन्सरमध्ये दिसणारा बदल) शोधतेय, ड्रॉपलेट डिजिटल पीसीआरवर (नमुना हजारो थेंबांत वाटून प्रत्येक थेंबातला डीएनए वेगळा वाढवून मोजायची पद्धत). म्युटंट डीएनए ओळखणाऱ्या प्रोबला फॅम रंग, वाइल्ड टाइप (न बदललेला डीएनए) ओळखणाऱ्याला हेक्स रंग. अँप्लिकॉन (वाढवला जाणारा तुकडा) १४२ बेस, अनीलिंग (प्रोब डीएनएला चिकटण्याचं तापमान) ५८ अंश. रक्त ईडीटीए ट्यूबमध्ये (रक्त गोठू न देणारी), ६ तासांनी सेंट्रिफ्यूजमध्ये एकच स्पिन. दर वेलला (प्लेटची एक खाच) वाइल्ड टाइपच्या सुमारे ३,००० कॉपी आणि फॅमचे १-२ थेंब. नुसत्या वाइल्ड टाइप कंट्रोलमध्येही तेवढेच! प्रोब बदलू का?

थेंबमोजणी: आधी प्लॉट (थेंबांच्या चमकेचा आलेख) नीट बघा. ३,००० कॉपी २०,००० थेंबांत वाटल्या म्हणजे साधारण सातात एका थेंबात वाइल्ड टाइप. त्यामुळे खरी म्युटंट कॉपी बहुतेकदा एकट्या फॅमच्या थेंबात दिसते. कंट्रोलमधले थेंब फॅम-हेक्स दोन्हींत चमकत असतील तर प्रोब वाइल्ड टाइपला चिकटतोय: अनीलिंगला ५५ ते ६५ अंशांचा ग्रेडियंट लावा (वेगवेगळी तापमानं एकाच वेळी तपासा), रॅम्प (तापमान बदलण्याचा वेग) सेकंदाला २ अंश ठेवा, तरी जमलं नाही तर म्युटेशनच्या जागी एलएनए बेस (जास्त घट्ट जोडी जुळवणारा सुधारित बेस) घातलेला प्रोब मागवा. एकटा फॅम चमकत असेल तर मात्र कंटॅमिनेशन (बाहेरून मिसळलेला म्युटंट डीएनए) शोधा.

प्लाझ्मावाला: प्रोबपेक्षा मला अँप्लिकॉन खटकतोय. रक्तातल्या मोकळ्या डीएनएचे तुकडे १६६ बेसच्या आसपास. त्यात १४२ चा अख्खा अँप्लिकॉन मावणारे सातात एक, ७५ चा मावणारे निम्म्याहून जास्त. आणि ६ तास फार झाले. पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा लांब डीएनए मिसळतो आणि म्युटंटचं प्रमाण खाली जातं. २ ते ४ तासांत १,६०० जीला (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पट) १० मिनिटं फिरवा, बफी कोटच्या (पांढऱ्या पेशींचा थर) वर थोडा प्लाझ्मा सोडून बाकीचा उचला, मग १६,००० जीला १० मिनिटं. हेपरिनची ट्यूब नकोच, पीसीआर अडतो.

सायली_लॅब: हे सगळं सुधारून निगेटिव्ह आलं तर गाठ निर्धोक धरायची?

थेंबमोजणी: अजिबात नाही. १ नॅनोग्रॅम डीएनएमध्ये जेमतेम ३०० कॉपी. १० नॅनोग्रॅम घातले आणि म्युटंट ०.१ टक्का असला तर हाती सरासरी ३ कॉपी. म्हणजे वीसात एकदा एकही सापडणार नाही. लहान गाठ याहूनही कमी सोडते, आणि पुष्कळ फुफ्फुस-कॅन्सरमध्ये हे म्युटेशन नसतंच. गाठीचा निर्णय सीटी आणि बायॉप्सीवरच.

सायली_लॅब: ७५ बेसच्या अँप्लिकॉनचे प्रायमर (त्या तुकड्याची टोकं ठरवणारे छोटे डीएनए) मागवते. एकदाच स्पिन केलेला प्लाझ्मा उणे ८० ला आहे, तो चालेल?

प्लाझ्मावाला: वितळवून १६,००० जीला फिरवलात तर कचरा खाली बसेल, पण गोठताना फुटलेल्या पेशींचा डीएनए वरच राहतो. प्रायमर जुळवायला वापरा, रिझल्ट द्यायला नको.